चहा थुंकायचा, पाणी गिळायचं

अण्णांच्या घरात पाण्याला गावांची नावं होती. मागच्या खोलीत, ऊन पोचणार नाही अशा बाजूला, एका लांब फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं ठेवलेल्या असत आणि प्रत्येकीवर खळीनं डकवलेली चिठ्ठी असे: हुबळी, दावणगेरे, तुमकूर, कोलार. आत निव्वळ पाणी. मी पहिल्यांदा ती खोली पाहिली तेव्हा मला वाटलं की ही तीर्थं असावीत, आणि मी चप्पल काढून हात जोडले. अण्णांच्या पत्नी, अक्का, पदर तोंडाला लावून हसल्या. "तीर्थ नव्हे रे, दत्तू. यांचा धंदा आहे तो," म्हणाल्या. पुढे कित्येक दिवस मी त्या खोलीच्या दाराशी आलो की त्या मला "नमस्कार केलास का?" असं विचारायच्या.

अण्णा पेठेतल्या एका चहाच्या पेढीवर मिश्रणाचं काम करत. नीलगिरीहून आलेली पत्ती आणि भुकटी कोणत्या गावासाठी कशी मिसळायची हे त्यांनी ठरवायचं. एकच चहा बंगळुरात मल्लेश्वरमच्या नळाच्या पाण्यात तांब्यासारखा लाल उतरतो आणि एखाद्या विहिरीच्या गावी काळपट होऊन वर तवंग धरतो. लोक चहाला नावं ठेवतात, पण दोष पाण्याचा असतो. म्हणून चहा गावाला जाण्याआधी गावचं पाणी बंगळुरात यायचं. पेढीचे फिरते विक्रेते वसंतराव ते आगगाडीनं, गवतात गुंडाळलेल्या बरणीतून आणत. अण्णा ते खोलीत घेऊन बसत, आधी वास घेत, मग एक घोट तोंडात घोळवत. तो घोट कच्च्या पाण्याचाच हवा, हा त्यांचा नियम. उकळलेलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी, त्याच्यातून वारा निघून जातो, मग कुठलंही गाव कुठल्याही गावासारखं लागतं. चहाची चव पाहताना ते मोठ्यानं भुरका मारत आणि पितळी पिंकदाणीत थुंकत. पाणी मात्र गिळत. "चहा थुंकायचा, पाणी गिळायचं," ते मला सांगत. "पाणी खोटं बोलत असलं तर ते घशातून उतरताना कळतं."

घरच्या चहाचीही अशीच शिस्त होती. सकाळी नळ आला की पहिल्या दोन बादल्या झाडांना, कारण ते पाणी नळीत निजलेलं. तिसऱ्या बादलीतलं चहाला. पातेल्यात एकदा ठेवलेलं पाणी गार झालं तर पुन्हा तापवायचं नाही, फेकायचं. आमची सगळी गल्ली कॉफीची होती. पहाटे शेजारच्या घरांतून बिया दळण्याचा घरघराट येई, मागोमाग तो दाट वास, आणि त्यात आमच्या स्वयंपाकघरातून येणारा अण्णांचा भुरका. शेजारच्या बाई अक्कांची कीव करत. चाळीस घरं कॉफीची आणि तुमच्याच नशिबी हे कुठून आलं, असं त्या विचारत. अक्का म्हणत, सरी, बरोबर आहे, आमच्या पूर्वजांनी इथं तलवार घेऊन आल्यावर काय काय केलं असेल, त्याचीच ही फळं. हे घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळुरास आलेलं. मराठी बोलत, पण तिच्यात कानडी शब्द मुरलेले, लोणच्यात मीठ मुरावं तसे. मला त्यांचं बोलणं सुरुवातीला निम्मं कळायचं, पण अक्का वाढताना "स्वल्प घे, स्वल्प घे" म्हणत पानात जे टाकायच्या ते स्वल्प कधीच नसायचं. गरम हुळीभात, म्हणजे आंबट वरण कालवलेला भात, वर तूप, आणि भाजलेला पापड. इतकं पोटभर मी त्याआधी फक्त लग्नकार्यात जेवलो होतो.

मी मिरजेच्या अलीकडच्या एका लहान गावातला. वडील शाळेत शिपाई, आईच्या दोन म्हशी. मी शिकलो तो म्हशींच्या दुधावर. वसंतराव आमच्या गावी चहा विकायला येत, त्यांची आणि वडिलांची ओळख झाली आणि त्यांनीच मला बी. एस्सी.साठी बंगळुरात अण्णांच्या पुढल्या खोलीत आणून सोडलं. त्या बदल्यात मी बरण्यांवरच्या चिठ्ठ्या सुवाच्य लिहायच्या आणि अण्णांच्या मुलीला, पुट्टीला, बाळबोध अक्षरं शिकवायची. पुट्टी पाच वर्षांची होती, कानडी शाळेत जाई. बाराखडीचं पुस्तक तिला आवडत नसे, म्हणून मी तिला बरण्या वाचायला शिकवलं. ती फळीखाली उभी राहून बोट नाचवत "को-ला-र" म्हणायची आणि मग विचारायची, "कोलारला तहान लागली तर?" मला ती दत्तूमामा म्हणे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत कोणी पोचलं नव्हतं, आणि मी पोचलो तो या लोकांच्या हातचं खाऊन. हे मी आज ऐंशीच्या घरात आल्यावरही रोज एकदा मनाशी म्हणतो.

एका शनिवारी माझ्याच गावची बरणी आली. आमच्या बाजूला चहा नीट खपत नव्हता, म्हणून पेढीनं त्या पाण्याचा अंदाज घ्यायला सांगितलं होतं. वसंतरावांनी वडिलांना निरोप दिला होता की तालमीच्या विहिरीचं ताजं पाणी भरून गाडीवर आणून द्या. वसंतराव पुढे दुसऱ्या गावी उतरणार होते, म्हणून बरणी गार्डाच्या डब्यातून एकटीच आली. मी स्टेशनावरून ती छातीशी धरून आणली. चिठ्ठीवर गावाचं नाव मी इतर नावांहून ठळक लिहिलं. पुट्टीनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि घरभर ओरडत गेली, "दत्तूमामाचं ऊर आलं!" ऊर म्हणजे गाव.

अण्णांनी घोट घेतला, डोळे मिटले, गिळला. मी परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा उभा होतो. त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले की तुझ्या ऊरचं पाणी चपटं आहे, त्याला उसळी नाही, आणि स्वल्प धूर आहे त्यात. मला लाज वाटली. धूर इंजिनाचा असेल, मी म्हटलं. त्यांनी आणखी एक घोट घेतला, मान हलवली, उद्या पुन्हा बघू म्हणाले. अक्कांना माझा चेहरा दिसला असावा. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनी त्या बरणीतलं पाणी चांदीच्या गडव्यात काढून माझ्या पानाशी ठेवलं. "आज आपल्या ऊरच्या पाण्यानं जेव," त्या म्हणाल्या. मी भांडं तोंडाला लावलं आणि मला रडू आलं. त्या पाण्याला आमच्या घराचा वास होता. शेणीच्या धगीचा, तापल्या दुधाचा, आईच्या पदराचा. हे सगळं माझ्या मनाचं, असं तेव्हा वाटलं. समोर बसलेल्या पुट्टीनं हात पुढे केला. तिला दत्तूमामाचं ऊर प्यायचं होतं. मी गडवा दिला आणि तिनं त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे मान मागे टाकून, ओठ न लावता, वरून ओतून उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं. अक्का कौतुकानं बघत होत्या.

मंगळवारी संध्याकाळी वसंतराव आले. एरवी ते दारातूनच "चहा टाका, अक्का" म्हणत आत यायचे. त्या दिवशी पायरीखालीच उभे राहिले, बूट काढले नाहीत. अण्णांनी आत बोलावलं तरी ते आले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "बरणी उघडलीत का रे?" आणि माझं तोंड बघून त्यांना उत्तर मिळालं. आमच्या गावात पटकीची साथ होती. तालमीच्या विहिरीवर शिपाई बसवला होता, तिच्या काठाला लाल रंग मारला होता, आळीतली माणसं एका दिवसात दगावली होती. माझे आईवडील धडधाकट होते, म्हशी घेऊन मामाच्या मळ्यावर गेले होते, हे त्यांनी सर्वांत आधी सांगायला हवं होतं ते सर्वांत शेवटी सांगितलं. एवढं बोलून ते गेले. फाटकाची कडी त्यांनी कोपरानं लावली, ते मला अजून दिसतं.

अक्का दाराच्या आड उभ्या होत्या. त्या आत गेल्या, ती बरणी उचलून मागच्या अंगणात नेली, चुन्याच्या खड्ड्यात ओतली आणि बरणीही दगडावर फोडली. मग पुट्टीला जवळ ओढून तिची जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. पुट्टीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली.

कोपऱ्यावर एक वृद्ध डॉक्टर राहत. अण्णा त्यांना घेऊन आले. ते म्हणाले, लस आता टोचून उपयोग नाही, पोटात जे गेलं ते गेलं. चार-पाच दिवस वाट बघायची. काही झालंच तर उलटी होईल आणि जुलाब होतील, तांदळाच्या पेजेसारखे पांढरे. तसं दिसलं की एक क्षण न थांबता साथीच्या दवाखान्यात न्या, लहान मूल फार वेळ टिकत नाही. हे शेवटचं वाक्य ते कानडीत, हळू बोलले, पण तेवढं कानडी मला तोवर येत होतं.

त्यानंतरचे दिवस मला कधी सलग आठवत नाहीत. अक्कांनी भाताची पेज काढणं बंद केलं. पांढरं पाणी त्यांना बघवत नव्हतं, त्या भात आटवूनच करत आणि तो खाली लागे. घरातलं सगळं पाणी उकळून पिऊ लागलो. गिरणीचा भोंगा झाला की मी दचकायचो, नळाला पाणी येताना तो आधी खाकरतो, त्या आवाजानं दचकायचो. पुट्टी मोरीकडे गेली की तिघांच्याही माना वळायच्या. ती दार लावून घेई आणि आतून गाणं म्हणे. गाणं मध्येच थांबलं की अक्का दारावर थाप मारायच्या. मला स्वतःच्या पोटात दर तासाला कळ आल्यासारखं वाटे. मी त्या गडव्यातलं तिच्याहून जास्त प्यायलो होतो, म्हणून मी मनात एक हिशेब मांडला होता की काही व्हायचंच असेल तर आधी मला होईल, आणि मला होत नाही तोवर ती सुरक्षित आहे. हा हिशेब शास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभणारा नव्हता. पण मी त्याला धरून होतो. कॉलेजात न जाता मी ओसरीवर बसायचो आणि पोट दुखावं अशी प्रार्थना करायचो.

अण्णांचं वेगळंच चाललं होतं. पहिल्या दिवशी ते ठाम होते. "नोड, बघ, दत्तू," ते मला समजावत, कारण अक्कांना समजावण्याची सोय नव्हती, की तीस वर्षं मी पाणी गिळतोय. कुजलेलं पाणी, गाळाचं पाणी, उंदीर पडलेलं पाणीसुद्धा मला जिभेवर कळलंय. या पाण्यात काही असतं तर मला कळलं असतं. दुसऱ्या दिवशी ते हेच पुन्हा बोलले, पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. तेव्हा अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात पळी होती. त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

"तुमच्या जिभेला चव कळते," त्या म्हणाल्या. "मरण कळत नाही."

अण्णा उठून मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं मी डोकावलो तर ते फळीसमोर बसले होते. समोर तुमकूरचं पाणी पेल्यात काढलेलं होतं. ते पेल्याकडे बघत होते, पण हात लावत नव्हते. ज्या माणसानं तीस वर्षं रोज सकाळी परक्या गावांचं पाणी डोळे मिटून गिळलं त्याला घोटभर पाण्याची भीती वाटत होती. मी तसाच मागे फिरलो. त्यांनी मला पाहिलं होतं की नाही, ठाऊक नाही.

शुक्रवारी सकाळी मी पुट्टीला अंगणात अक्षरं गिरवायला बसवलं होतं. ती मुकाट होती. मग तिनं पाटी खाली ठेवली, माझ्याकडे बघून "मामा" म्हणाली आणि भडभडून ओकली. पाण्यासारखं, पांढरट. अक्का धावत आल्या आणि पदरानं तिचं तोंड पुसू लागल्या. अण्णा अनवाणी रस्त्यावर गेले आणि जटका घेऊन आले. आम्ही तिला चादरीत गुंडाळून बसलो. घोडा म्हातारा होता. अण्णा जटकेवाल्याला काही सांगत नव्हते, नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून होते. वाटेत सगळं नेहमीसारखं चाललं होतं, फुलवाल्या गजरे ओवत होत्या, हॉटेलाबाहेर माणसं उभ्यानं कॉफी पीत होती, आणि मला त्या प्रत्येकाचा राग येत होता. पुट्टीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती मला म्हणाली, "ऊरचं पाणी वर आलं." अक्कांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दवाखान्यात फिनाईलचा वास होता आणि मधोमध भोक पाडलेल्या, कॅनव्हासच्या खाटांची रांग. त्या खाटा कशासाठी असतात हे मला बघताक्षणी कळलं. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पुट्टीचे डोळे, जीभ, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. जुलाब झाले का? नाही. लघवी? झाली. मग त्यांनी वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. हिला काय पाजलंत, त्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, कांद्याचा रस, रोज सकाळी, पटकीवर चांगला असतो म्हणून. अण्णा खाली बघून म्हणाले की त्यांनीही पाजला होता, अक्का नाही म्हणतील म्हणून गुपचूप, अक्का आंघोळीला गेल्यावर. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. मी रोज धडा घेताना तिला मीठसाखरेचं पाणी देत होतो, भरपूर, पोटातलं धुऊन निघावं म्हणून. त्या दिवशी तिनं दोन पेले प्यायले होते.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तिघांनी मिळून मुलीला मारायचं ठरवलंय का?" त्या कानडीत म्हणाल्या. तरी खबरदारी म्हणून त्यांनी तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. आम्ही बाकावर ओळीनं बसलो. शेजारच्या खोलीतून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज येत होता, तो दुपारी थांबला. का थांबला, हे आम्ही कोणी विचारलं नाही. ऊन उतरल्यावर पुट्टीनं भूक लागली म्हणून सांगितलं आणि अक्का पहिल्यांदा रडल्या.

तिला काही झालं नाही. मलाही नाही, अण्णांनाही नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस गेले, त्यावर आणखी तितके गेले, तरी भीती लगेच गेली नाही. ती ओल्या भिंतीसारखी हळूहळू वाळली. आता माझ्या स्वयंपाकघरात बटण दाबलं की शुद्ध पाणी येतं. सून म्हणते, बाबा, हे आधीच शुद्ध असतं, तुम्ही परत कशाला उकळता? मी पातेलं शेगडीवर चढवतो.

साथ ओसरल्यावर, सुट्टीत मी गावी गेलो. आई मळ्यावरून परतली होती, वाळली होती. चुलीवर दूध होतं. मी तिला बरणीची गोष्ट सांगायची नाही असं ठरवून गेलो होतो. पण तिनंच विषय काढला. बरणी नीट पोचली का, फुटली नाही ना, तुझ्या त्या अण्णांना पाणी आवडलं का. मी विचारलं, विहिरीवरून भरली कोणी होती? वडिलांनी भरून आणली होती, ती म्हणाली, पण तशीच कशी देणार? एवढा दीड दिवसाचा प्रवास.

"मग मी दुधाच्या पातेल्यात तापवून, चांगली उकळी आणून दिलं," आई म्हणाली. "लांबच्या गिऱ्हाइकाला दूध देतो ते नाही का तापवून देत? वाटेत नासू नये म्हणून."

मी चुलीकडे बघत राहिलो. तेच पातेलं होतं, तळाशी काळं, काठावर सायीची रेघ. शेणीचा धूर होता. गावात साथ आहे हे तिला बरणी भरताना ठाऊकही नव्हतं. तिनं पाण्याला दुधासारखं वागवलं होतं, एवढंच.

"काय झालं रे?" तिनं विचारलं. "नासलं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणालो. "चांगलं पोचलं."

निघताना तिनं एक नवी बरणी भरून दिली, तशीच तापवून. मी ती मांडीवर घेऊन बंगळुरास आलो आणि घरात शिरताच सगळी हकिगत सांगितली. अण्णांनी झाकण काढून वास घेतला. "धूर," ते म्हणाले, "आणि चपटं," आणि बराच वेळ मान हलवत राहिले. तेवढ्यात अक्कांनी बरणी त्यांच्या हातून घेतली. पाणी पातेल्यात ओतलं, चुलीवर ठेवलं आणि खळखळून उकळी येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. दोनदा मेलेल्या त्या पाण्याचा अण्णांनी चहा केला. त्याला ना रंग होता ना उसळी. अण्णांनी भुरका मारला आणि सवयीनं पिंकदाणी जवळ ओढली. मग ती बाजूला सरकवली आणि गिळला. पुट्टीसकट आम्ही सगळ्यांनी तो चहा शेवटपर्यंत प्यायला.